बालवाडीत मलिदा

प्रिय सुलू,

पत्राला फार उशीर झाला. रागाव, पण आधी हे वाच, कारण इथे इस्रायलात, अश्दोदमध्ये कुणाला सांगून कळणार नाही. माझे गुडघे तसेच, बाकी ठीक.

परवा तू बिश्वात, झाडांचा सण, झाला. दरवर्षी बालवाडीत सुक्या खजूर-अंजिरांची ताटली फिरते, पोरं दोन मनुका उचलतात आणि पळतात. यंदा म्हटलं, आपल्या बेने इस्राएल ज्यूंचा एलियाहू हन्नबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताचा, उरूस आहे, गोड पोह्यांचा मलिदा पोरांच्याच हातून होऊ दे. नारळ आधी प्रत्येकाने कानाशी हलवला, फुटल्यावर पाण्यासाठी झुंबड! भिजलेले पोहे बोटांनी दाबून पाहिले, वेलच्या सोलल्या. बदाम मात्र कुटूनच, एवढ्या लहानांना अख्खे देत नाहीत. आणि हो, साखरच घातली. गुळावरून तुला अजून भांडायचं असेल तर भांड, माझ्या आईच्या मलिद्यात गूळ कधीच नव्हता.

मग फळांच्या दोन टोपल्या केल्या. खजूर, सफरचंद झाडाच्या टोपलीत, त्यांची बराखा, म्हणजे खाण्याआधीची प्रार्थना, झाडाच्या फळाची. केळं जमिनीच्या टोपलीत, कारण केळ हे खरं झाड नव्हेच. केवढा वाद! घड उतरवल्यावर काकू केळीचं खोड तोडायच्या, ते दाखवायला तुमची वाडी हवी होती गं.

आता मनाला लागलेलं सांगते. वर्गात एक मुलगा आहे, आजी पनवेलची. तो लांबच उभा. “आम्ही असलं खात नाही,” म्हणाला. पण पोहे परातीत आले तसा पुढे सरकला आणि कुणी न सांगता मधोमध ढीग करून कडेने फळं लावू लागला, अगदी आपल्या थाळीसारखी! म्हणजे घरी पाहिलेलं आहे. मग एवढ्याशा पोराला ते लपवावंसं का वाटावं? त्याची आई म्हणाली, “सासूबाई करतात, आम्हाला कुठला वेळ.” मला झोप नाही, सुलू. कोकणात आमच्या लोकांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, शनवार तेली म्हणवून घेतलं, पण आपलं सोडलं नाही. आणि इथे, आपल्याच लोकांत, पोर थाळीपासून लांब उभं राहतं? पुढच्या वर्षी त्याच्या आजीलाच वर्गात बोलावणार आहे, कुणी काही म्हणो.

मीनूचं लग्न ठरलं का? भाऊंची साखर कशी आहे? सविस्तर लिही.

एक काम कर. अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाऊन एलियाहूच्या टप्प्याचे, म्हणजे त्याच्या त्या पवित्र जागेचे, फोटो पाठव, खडकावरच्या त्याच्या घोड्याच्या खुणा जवळून घे. घोडा गवत खायचा की मलिदा, यावर वर्गात अजून भांडणं चालू आहेत.

तुझी,
रिबेका