सूत्रकृमीचे नाव छायाचित्रावरून ठरवू नये

संपादक महोदय,

पावसाळा सुरू झाला की विहिरीत, तळ्यात किंवा नळाच्या पाण्यात ‘दोऱ्यासारखे किडे’ आढळल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून येऊ लागतात. बातमीसोबत बहुधा मोबाइलवर टिपलेले एक पुसट छायाचित्र असते आणि कोणीतरी अंदाजाने सांगितलेले एखादे नावही असते. महाविद्यालयात अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवताना गोड्या पाण्यातील सूत्रकृमींचा, म्हणजे नेमॅटोड गटातील बारीक गोल कृमींचा, अभ्यास मला करता आला. त्या आधारे मला आग्रहाने असे सांगायचे आहे की या प्राण्यांची जात ओळखता येते, मात्र ती सूक्ष्मदर्शकाखाली ठरावीक अवयव पाहून आणि मोजूनच ओळखता येते.

या बातम्यांत सर्वांत भीतिदायक ठरणारे नाव नारूचे असते, म्हणून प्रथम त्याविषयी. नारूचा भारतातील शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात नोंदवला गेला आणि 2000 च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. शिवाय नारूची लांब मादी माणसाच्या शरीरात वाढते आणि पायाच्या फोडातून बाहेर येते. पाण्यात उतरतात त्या तिच्या एक मिलिमीटरहूनही लहान अळ्या, ज्या पुढे सायक्लॉप्स या सूक्ष्म कवचधारी जीवाच्या पोटात जातात. त्यामुळे विहिरीत वळवळताना नुसत्या डोळ्यांना दिसणारा हातभर लांबीचा तपकिरी ‘दोरा’ नारू असूच शकत नाही. तो बहुधा टोळ, रातकिडे किंवा प्रार्थनाकीटक यांच्या शरीरातून पाण्यात उतरलेला गॉर्डियस किंवा त्याच्या गटातील प्राणी असतो, आणि हा गट तर सूत्रकृमींहून वेगळाच आहे.

समोरचा प्राणी खरोखर सूत्रकृमी आहे का, हे त्याच्या हालचालीवरून पुष्कळसे कळते. सूत्रकृमीच्या शरीरात फक्त लांबीच्या दिशेने जाणारे स्नायू असतात, आडवे वर्तुळाकार स्नायू नसतात. म्हणून गांडुळासारखे आखडणे आणि लांबणे त्याला जमत नाही, तो केवळ नागमोडी फटकारे मारतो. त्याच्या अंगाला खरे खंडही नसतात. पाण्याच्या टाकीत सापडणारी लालसर, खंड असलेली अळी बहुतेक वेळा कायरोनोमस या चावा न घेणाऱ्या माशीची असते.

खरे कठीण काम यानंतर सुरू होते. सूत्रकृमींची बाह्य ठेवण इतकी सारखी असते की ओळख पटवण्यासाठी आधी तोंडात पाहावे लागते. मोनोंकस या सूत्रकृमीची मुखगुहा पिंपासारखी रुंद असून तिच्या पाठीकडच्या भिंतीवर एक मोठा दात असतो. हा कृमी इतर सूक्ष्म प्राण्यांची शिकार करतो. आयरोनस या दुसऱ्या सूत्रकृमीची मुखगुहा लांब नळीसारखी असते आणि तिच्या पुढच्या टोकाला दात असतात. डोरिलायमस या तिसऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात पोकळ भाल्यासारखा दात असतो. त्यानंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंची ॲम्फिड ही ज्ञानेंद्रिये पाहावी लागतात: मॉनहिस्टेरा या सूत्रकृमीत ती वर्तुळाकार असतात, तर डोरिलायमसच्या गटात रिकिबीच्या आकाराची.

डोरिलायमस स्टॅग्नॅलिस या जातीचे उदाहरण मला येथे थोडे विस्ताराने द्यावेसे वाटते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ फेलिक्स दुजार्दँ यांनी 1845 मध्ये वर्णन केलेला हा सूत्रकृमी तळी आणि ओढ्यांच्या गाळात राहतो, आणि गोड्या पाण्यातील सूत्रकृमींत तो आकाराने मोठा मानला जातो. त्याच्या त्वचेवर लांबीच्या दिशेने कंगोरे असतात. मादीची शेपटी लांब आणि धाग्यासारखी निमुळती होत जाते, तर नराची आखूड आणि गोलसर असते. म्हणजे केवळ शेपटी पाहून निर्णय देणारा माणूस एकाच जातीच्या नर-मादीला दोन जाती ठरवील. पिल्लांची शेपटी मादीसारखी लांब असल्याने गोंधळ आणखी वाढतो. पिल्लू ओळखण्याची खूण मात्र फार सुंदर आहे: वापरातल्या दाताच्या मागे, अन्ननलिकेच्या भिंतीत, पुढच्या कात टाकण्यानंतर लागणारा दुसरा दात तयार होत असलेला दिसतो. असा दात दिसला तर जातीचे नाव देण्याची घाई करू नये, कारण त्यासाठी लागणारी प्रौढ मादीचे जननद्वार, नराचे स्पिक्यूल (समागमासाठीचे काट्यासारखे अवयव) आणि त्याच्या पोटाच्या मध्यरेषेवरील बारीक उंचवट्यांची रांग ही लक्षणे पिल्लात पूर्ण झालेली नसतात.

मोजमापांसाठी नेदरलँड्सचे योहानेस दे मान यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केलेली गुणोत्तरे आजही जगभर वापरली जातात. शरीराच्या लांबीला कमाल रुंदीने भागले की ‘ए’, अन्ननलिकेच्या लांबीने भागले की ‘बी’ आणि शेपटीच्या लांबीने भागले की ‘सी’ मिळते. ‘व्ही’ म्हणजे डोक्यापासून जननद्वारापर्यंतचे अंतर एकूण लांबीच्या किती टक्के आहे तो आकडा. 2 मिलिमीटर लांब आणि 0.05 मिलिमीटर रुंद कृमीचा ‘ए’ 40 येतो. एकाच नमुन्यावरून काढलेल्या आकड्यावर विसंबू नये, कारण एका जातीतही ही गुणोत्तरे बरीच बदलतात. नमुना थंड अल्कोहोलमध्ये टाकला तर तो आक्रसतो आणि मापेच चुकतात. तो उष्णतेने मारून फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा आणि नंतर सावकाश ग्लिसरिनमध्ये आणावा.

आता डीएनए तपासता येत असताना हे सारे कशासाठी, असे मला विचारले जाते. डीएनएचा क्रम ज्या संग्रहाशी ताडून पाहायचा, त्यातील प्रत्येक नोंदीला नाव देणारा माणूस शेवटी सूक्ष्मदर्शकाशीच बसलेला असतो, आणि त्याने चुकीचे नाव दिले असेल तर ती चूक पुढच्या प्रत्येक तपासणीत उतरते. डॉ. एम. शमीम जयराजपुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलिगढ मुस्लिम विद्यापीठात डोरिलायमस आणि मोनोंकस यांच्या गटांवर केलेल्या कामामुळे भारताला या क्षेत्रात मान मिळाला. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत मात्र नमुने तयार करून, रेखाटून ओळखण्याची तासिका मागे पडत चालली आहे, याचे मला मनापासून दुःख वाटते.

गोड्या पाण्यात मुक्तपणे जगणारे सूत्रकृमी माणसाच्या शरीरात रोग निर्माण करत नाहीत. नळाच्या पाण्यात ते सतत दिसू लागले तर गाळण प्रक्रिया तपासणे आवश्यक असते, आणि बातमीचा भर त्यावर हवा. माझी आपणास विनंती आहे की अशी बातमी छापताना डोक्याचे आणि शेपटीचे अशी दोन सूक्ष्मदर्शकीय छायाचित्रे मोजपट्टीसह मागवावीत, जातीची खात्री नसेल तर ‘डोरिलायमस गटातील सूत्रकृमी’ एवढेच लिहावे आणि नमुना फेकून न देता भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील केंद्राकडे विचारणा करण्यास संबंधितांना सुचवावे.

आपला विश्वासू,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सातारा