मौनफेरीच्या आधी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद,

डिसेंबरात मैत्रिणींना घेऊन येतेस आणि सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळमाळावरून, खाली किनाऱ्याच्या पुळणीपर्यंत न बोलता चालायचं म्हणतेस, ते छानच. पण नुसतं ‘गप्प राहा’ म्हणून दहा जणी गप्प राहत नाहीत. त्याची तयारी आदल्या दिवशीच करावी लागते.

आधी तिथी बघ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती दुपारी तीनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी नऊला. उजाडताच निघालात तर साडेआठपर्यंत खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, पोचाल, तेव्हा चिखल उघडा असेल. अष्टमीला सहालाच भरती, मग चिखल पुरता उघडत नाही. अंधारात मात्र सड्यावर पाऊल नको. जांभ्याच्या दगडांखाली फुरसं असतं, त्यामुळे दगड उलटायचा नाही आणि बघितल्याशिवाय बूड टेकायचं नाही.

पुढे तू, शेवटी वाट माहीत असलेलं कुणीतरी, दोघींत चार पावलांचं अंतर. पुढची जरा भरभर चालली की मागच्या धावायला लागतात आणि पाचोळा वाजतो. दोन किलोमीटरला दोन तास लागू देत. विंडचीटर सगळ्यात वाईट, हात हलला की खसखसतो. सुती कपडे घाला. अर्धी बाटली डुचमळते, ती गळ्यापर्यंत भरा. फोन व्हायब्रेटवर नको, बंदच.

खुणा दोनच ठेव: मूठ वर म्हणजे थांबा, तळहात खाली म्हणजे बसा. साप दिसला, पाय मुरगळला, चक्कर आली तर खूण न करता सरळ ओरडायचं, हे निघतानाच सांग. नाहीतर शिस्तीपायी एखादी मुकाट लंगडत राहते. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी फिस्सकन हसणारच. डोळे वटारू नकोस, त्याने हसू वाढतं. थांब, ओसरलं की चालू लाग.

देवराईत जायचं तर गुरवांना आदल्या दिवशी विचार. चपला बाहेर, आणि वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. वाटेत खाजकुयलीचा वेल दिसला तर लांबून वळसा घाला. सुकलेल्या शेंगांची कूस नुसत्या धक्क्याने उडते. आत पंधरा मिनिटं बसा. मोठा धनेश दिसण्याआधी ऐकू येतो. पंखांच्या खालच्या बाजूला झाकणारी पिसं नसतात, त्यामुळे हवा मोठ्या पिसांमधून सूं-सूं करत जाते.

पण खरी मजा खाजणात, निदान मला तरी तसं वाटतं. तुमच्या पावलांनी बांध हादरला की खेकडे बिळात शिरतात. अजिबात हलला नाहीत तर चार-पाच मिनिटांत बिळाच्या तोंडाशी आधी डोळ्यांच्या दोन काड्या वर येतात. मग नर बाहेर येतो आणि एकच मोठा नांगा वरखाली हलवायला लागतो. निवट्याही पुन्हा चिखलावर सरकायला लागतात. कुणी फोटोसाठी हात वर केला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

वाडीतली कुत्री हमखास मागे येतात आणि चिखलावर एक तुतवार पक्षी ठेवत नाहीत. शेजारच्या काकूंना सांगून ठेव, सकाळी त्यांना अंगणात अडकवतील. न्याहारीला पुळणीवर घावने पाठवते. किती जणी ते कळव.

तुझी आई