तू तर तिथेच होतास!

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू परत तेच विचारलंस, "अरे श्रीदेवी गेली तेव्हा तू तर तिथेच दुबईत होतास, खरं काय झालं ते सांग की!" आणि मी परत तेच हसून विषय बदलला. तुला राग आला असेल. पण काय आहे ना, हा प्रश्न मला शिमग्याला पालखीत विचारलाय, चुलतभावाच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत विचारलाय, एकदा तर चिपळूणच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना एका ओळखीच्या कंडक्टरने विचारलाय. दुबईत राहतो म्हणजे हा श्रीदेवीच्या रूमबाहेर टॉवेल घेऊनच उभा होता असं सगळ्यांना वाटतं. म्हणून आज सगळं लिहूनच टाकतो, सवडीने वाच आणि मग परत विचारू नको.

तर 24 फेब्रुवारी 2018, शनिवार. तेव्हा यूएईत सुट्टी शुक्रवार-शनिवारची असायची (शनिवार-रविवार हे 2022 पासून झालं), म्हणजे तुमचा रविवार हा आमचा सोमवार. सकाळी साईटवर जायचं म्हणून मी करामातल्या खोलीवर गजर लावून आडवा झालेलो. आमच्याकडे बारा वाजून गेलेले, तुमच्याकडे दीड-दोन. आणि तुझा मेसेज आला, फक्त "श्री गेली". मला आधी वाटलं बापटांची म्हातारी गेली का काय, तिलाही आपण श्रीच म्हणायचो ना! मग दुसरा मेसेज, "तुझ्या दुबईत". व्हॉट्सअ‍ॅप कॉल तिकडे लागत नाही हे तुला शंभरदा सांगूनही तू कॉल लावत बसलास, स्क्रीनवर नुसतं कनेक्टिंग कनेक्टिंग.

खोलीत आम्ही चौघं, दोघं मलबारी, एक हैद्राबादी आणि मी. हैद्राबादी उठून बसला आणि म्हणाला आमच्याकडची आहे ती, तेलुगूची. मलबारी म्हणाले तिला पहिला मोठा अवॉर्ड आमच्या केरळ सरकारने दिला, लहान पोर असताना. मी म्हटलं आमच्याकडे 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये गोडबोले बाई झाली होती की, पुण्याची, लाडू करणारी! म्हंजे बघ, बाई जाऊन काही तासच झालेले आणि इकडे मालकी हक्काची भांडणं. पण खरं सांगू, त्या भांडणातच आम्हाला बरं वाटलं. झोप कोणालाच लागली नाही.

तुझं काय झालं असेल याचा अंदाज होता. गणपतीत व्हिडिओ आणून रात्रभर पिक्चर लावायचे, त्यात 'मिस्टर इंडिया' आला की तू त्या निळ्या साडीतल्या गाण्याला कॅसेट मागे घ्यायला लावायचास आणि व्हिडिओवाला शिव्या घालायचा, हेड खराब होतंय म्हणून. वहिनींना हे माहीत आहे का रे? असू दे.

सकाळी मेट्रोने कामावर निघालो. रेड लाईनवर वर्ल्ड ट्रेड सेंटरनंतरचं स्टेशन म्हणजे एमिरेट्स टॉवर्स. ते दोन त्रिकोणी टॉवर तू फोटोत बघितलेस, एकात ऑफिसं, एकात हॉटेल, ती गेली ते तेच हॉटेल. मी रोज तिथून जायचो आणि कधी मान वर करून बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. काही नाही. गाडी थांबली, कोट-टाय वाले उतरले, फिलिपिनो पोरी चढल्या, दरवाजे बंद, गाडी चालू. डब्यात दहाबारा जण फोनवर तिचेच फोटो बघत होते, पण खिडकीबाहेर ती जागा आहे हे त्यातल्या निम्म्यांना माहीतही नसेल. माझ्याकडचं आँखों देखा हाल ते एवढंच! याच्यापुढचं सगळं मी तुझ्यासारखंच टीव्हीवर बघितलं, आणि तेही भारतातल्याच चॅनेलवर.

आणि ते चॅनेल काय बोलत होते ते आठवतंय? रविवारी सगळे सांगत होते हार्ट अटॅक, कारण घरच्यांकडून तेवढंच आलेलं. मग डॉक्टर बसवले, डाएट, सर्जरी, बोटॉक्स, चोपन्नाव्या वर्षी हृदय का बंद पडतं, सगळ्यांना सगळं माहीत. सोमवारी दुबईच्या सरकारी मीडिया ऑफिसने ट्विट केलं, की फॉरेन्सिक रिपोर्टप्रमाणे शुद्ध हरपून बाथटबमध्ये बुडून मृत्यू, आणि केस पब्लिक प्रॉसिक्युशनकडे, म्हणजे सरकारी वकिलांच्या खात्याकडे, दिली आहे. बास, तेवढं. संध्याकाळी चॅनेलवर हृदयाचं चित्र जाऊन तिथे टब आला. टबाची लांबी, पाण्याची उंची, एकाने तर टबात तिचा फोटो चिकटवून बाजूला तिच्या नवऱ्याला उभा केला, एका चॅनेलचा रिपोर्टर स्वतः टबात जाऊन झोपला. लोकांनीच मग 'न्यूज की मौत' म्हणून ट्विटरवर चालवलं. मी म्हणतो त्या पोरींचा तरी विचार करायचा. मोठी जान्हवी तेव्हा मुंबईत, आपल्या 'सैराट'च्या हिंदीचं शूटिंग चालू होतं तिचं, म्हणजे आई जाताना ती जवळ नाही, आणि घरी टीव्ही लावला तर हे.

पण मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला माहितीये? "बॉडी का देत नाहीत? काय लपवतायत?" याचा. खाली मोठ्या अक्षरात पट्टी, अमुक तास उलटले, अजून पार्थिव नाही. आणि तूही मला तेच टाईप करत होतास, काहीतरी काळंबेरं आहे रे, नायतर एवढा वेळ लागतो का.

लागतो रे. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या कंपनीच्या लेबर कॅम्पातला एक रायगडकडचा प्लंबर झोपेतच गेला होता. तुला कधी सांगितलं नाही कारण सांगण्यासारखं काय होतं. मराठी म्हणून पीआरओने (कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस) मला बरोबर घेतलं, घरच्यांशी बोलायला कोणीतरी पाहिजे म्हणून, आणि तेव्हा मला कळलं इकडे मेलेला माणूस घरी जातो कसा. हॉस्पिटलमध्ये गेला तर त्यातल्या त्यात सोपं. खोलीत, साईटवर, हॉटेलात गेला की पहिले पोलीस. मग बॉडी पोलिसांच्या शवागारात, अल कुसैसला. फॉरेन्सिकवाले बघणार, मग प्रॉसिक्युशनचा कागद, त्याच्याशिवाय पुढे पान हलत नाही. मग मृत्यूचा दाखला. मग इंडियन कॉन्सुलेट, तिथे पासपोर्ट कॅन्सल करायचा आणि एनओसी घ्यायची. व्हिसाही कॅन्सल करायला लागतो, मेलेल्या माणसाचा! मग मुहैसनाला एम्बामिंग, म्हणजे बॉडी टिकायला औषध भरतात ते, त्या भागाला सगळे सोनापूर म्हणतात, तिकडेच लेबर कॅम्पही आहेत आणि कबरस्तानही. मग पेटी, मग कार्गोचं बुकिंग. आणि तेव्हा एअर इंडियासुद्धा पेटीचे पैसे वजनावर घ्यायची, काट्यावर ठेवून किलोला इतके. 2019 च्या सुरुवातीला ते बंद झालं आणि यूएईतून भारतात कुठेही 1500 दिरहम असा एकच रेट झाला, तेही लोकांनी बोंब मारल्यावर. आमच्या त्या प्लंबरला घरी पोचायला जवळपास आठवडा लागला, मधे शुक्रवार-शनिवार आला होता. त्याची बायको रोज मला फोन करायची आणि रोज एकच विचारायची, "भाऊ, कधी निघतील?" निघाले का नाही, एवढंच. तिने एकदाही विचारलं नाही काय लपवताय.

म्हणून मी त्या तीन दिवसांत टीव्हीसमोर बसून मनातल्या मनात हिशोब करत होतो, आता फॉरेन्सिक झालं, आता प्रॉसिक्युशन, आता कॉन्सुलेट. आपले तेव्हाचे राजदूत नवदीप सुरी यांनी ट्विटरवर स्वच्छ लिहिलं होतं की अशा केसमध्ये दोन-तीन दिवस जातातच, हा आमचा अनुभव आहे. वाचलं कोणी? मंगळवारी 27 तारखेला प्रॉसिक्युशनने केस बंद केली, सोनापूरला एम्बामिंग झालं, त्याच रात्री विमान मुंबईत. आता अनिल अंबानींचं प्रायव्हेट जेट होतं, सरकारं फोनवर होती, ते ठीक आहे, तिथे फरक पडतोच, आमच्या माणसाला कार्गोची वाट बघावी लागली. पण कागद? तेच. खिडक्या त्याच. पोलिसांचं शवागार तेच, एम्बामिंगचं टेबलही तेच. बॉडी ताब्यात घेतल्याच्या कागदावर नाव कोणाचं होतं माहितीये? अश्रफ थामरसेरी. केरळचा माणूस, अजमानला राहतो, त्याने आजवर हजारो लोकांना असं पेटीतून घरी पाठवलंय, एक पैसा न घेता. भारत सरकारने त्याला प्रवासी भारतीय सन्मानही दिलाय. बहुतेक लेबर लोकांचं काम करतो तो. कोण कुठली सुपरस्टार आणि कागद त्याच्या हातात. ही बातमी मला त्या सगळ्या टबांपेक्षा मोठी वाटली. एकदोन ठिकाणी छापून आली खरी, पण तिच्यावर अर्धा तास घसा कोरडा करणारा कोणी नव्हता.

बुधवारी लोखंडवालाला ती गर्दी, लाल कांजीवरम, तिरंगा, पार्ल्याच्या स्मशानात सरकारी इतमाम. तेव्हा मी साईटवर होतो, संध्याकाळी मोबाईलवर तुकडे बघितले. तू म्हणालास तू दुकान बंद ठेवलंस आणि वहिनींना सांगितलंस पाणी नाही म्हणून. बरं केलंस. नंतर एप्रिलमध्ये तिला 'मॉम'साठी नॅशनल अवॉर्ड मिळाला, तीनशेच्या आसपास पिक्चर करून पहिला, तोही गेल्यावर. यावर तू जे बोललास ते इथे लिहीत नाही, वहिनी पत्र वाचतील.

खोलीत काय झालं ते त्या खोलीत असलेल्यांना ठाऊक आणि डॉक्टरने लिहून दिलं ते कागदावर आहे. मला ते पुरेसं वाटतं. कोण मोठा खासदार टीव्हीवर खून खून म्हणाला होता म्हणून मी काय आता चिपळूणच्या स्टँडवर खून सांगू का.

आता कामाचं. तुझ्या भाच्याचं शारजाचं जमतंय म्हणालास. तो दहावी झालाय का नाही ते आधी बघ. नसेल तर पासपोर्ट इसीआर असणार, म्हणजे कामाला बाहेर जायला सरकारी परवानगी लागणारा, मग सरकारच्या ई-मायग्रेट साईटवरून क्लिअरन्स घेतल्याशिवाय निघू देऊ नको, आणि एजंट म्हणाला व्हिजिट व्हिसावर जा, मग तिकडे बदलू, तर दारातून परत पाठव. प्रवासी भारतीय बीमा काढायला लाव, दोन वर्षांचे 275 रुपये, 10 लाखाचं कव्हर, त्यात बॉडी आणायचा खर्चही येतो. हे ताईसमोर बोलू नको, तिला वेडंवाकडं वाटेल, तू गुपचूप कर. नॉमिनीचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच घाल, आमच्या त्या प्लंबरच्या घरच्यांचे त्यातच महिने गेले. कॉन्ट्रॅक्टची कॉपी आणि पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा. कंपनीचं नाव मला टाक, मी इकडे कोणाकडून तरी चौकशी करतो. रविवारपर्यंत टाक, पुढच्या आठवड्यात मी अबूधाबीच्या साईटवर आहे, तिकडे बेसमेंटमध्ये रेंज नसते.

तुझा,
करामावाला