खालच्या डिव्हिजनची बातमी बंद करू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्याकडं वाचकांच्या पत्रांत एका काकांचं पत्र आलं होतं, की आइस हॉकीच्या ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या खालच्या डिव्हिजनची बातमी छापायची गरजच काय, ज्या टीम कोणाला माहीत नाहीत त्यांची पोरं कुठंतरी बर्फावर घसरून राहिली अन् आपण नागपूरवाले बर्फ पाहतो तो गोळ्याच्या गाडीवर. बातमी होती तरी केवढी, आतल्या पानावर कोपऱ्यात तीन ओळी. त्या तीन ओळी माझ्या मुलीनं कात्रीनं कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या आहेत, म्हणून मला हे लिहावंच लागतंय.

मुलगी १३ वर्षांची आहे, इनलाइन हॉकी खेळते, गोलकीपर. इनलाइन म्हणजे बुटाला एका रांगेत चाकं असलेले स्केट्स, बर्फावरच्या स्केट्सला खाली पातं असतं तसंच पण पात्याच्या जागी चाकं. सकाळी साडेपाचला एका बास्केटबॉलच्या सिमेंट कोर्टवर प्रॅक्टिस असते, आधी पोरंच खराटा घेऊन अख्खं कोर्ट झाडतात कारण एक बारीक गिट्टी चाकाखाली आली की माणूस तोंडावर पडतो, मग पीव्हीसी पाइप जोडून केलेला गोल मांडतात ज्याला मच्छरदाणीची जाळी बांधली आहे. मागच्या वर्षी दोन महिने कोर्टही मिळालं नाही, लग्नाचं सामान पडून होतं, पोरं पार्किंगमध्ये खेळली. तेव्हा कोणत्याच पेपरात तीन ओळी आल्या नाहीत अन् मी काही तक्रारही केली नाही.

पण खालची डिव्हिजन म्हणजे टाकाऊ असं जे त्या पत्रात होतं ते मला पटलं नाही. आधी ही भानगड काय आहे ते सांगते, कारण मलाही दोन वर्षांपूर्वी काही माहीत नव्हतं. २० वर्षांखालच्या पोरांची जी वर्ल्ड चॅम्पियनशिप असते त्यात सगळ्यात वर १० टीम, कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड वगैरे, ती नाताळ ते नवीन वर्षाच्या दिवसांत होते अन् तिकडं तिची केवढी धूम असते. त्याच्या खाली डिव्हिजन वन, टू, थ्री अशा पायऱ्या, वन अन् टू चे परत ए आणि बी असे गट, या गटांत सहा-सहा टीम. एकेका गटाची स्पर्धा एकाच शहरात आठवडाभरात उरकतात, प्रत्येक टीम बाकीच्या पाचही जणांशी खेळते. साठ मिनिटांत जिंकलं तर ३ गुण, बरोबरी होऊन मग ओव्हरटाइममध्ये म्हणजे जादा वेळेत, किंवा शूटआउटमध्ये म्हणजे एकेकानं गोलकीपरसमोर जाऊन गोल मारायच्या फेरीत जिंकलं तर २ अन् असं हरणाऱ्यालाही १. गटात पहिला आला तो एक पायरी वर, शेवटचा आला तो खाली. डिव्हिजन थ्रीच्या स्पर्धा आजवर कुठं कुठं झाल्या बघा, तुर्कस्तानात इझमीरला, न्यूझीलंडमध्ये डनेडिनला, मेक्सिको सिटीला, बल्गेरियात सोफियाला, २०१९ मध्ये आइसलंडच्या रेक्याविकला. आइसलंडची अख्ख्या देशाची लोकसंख्या चार लाखाच्या आत आहे, आपल्या नागपूरच्या पासंगालाही नाही. मुलींचीही १८ वर्षांखालची वर्ल्ड चॅम्पियनशिप २००८ पासून सुरू आहे अन् तिथंही ह्याच पायऱ्या.

आता मी जे पाहिलं ते सांगते. जानेवारीची रात्र, साडेअकरा वाजले असतील, थंडी अशी की खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबला होता, अन् आम्ही मायलेकी एका रजईत मोबाइल उशीला टेकवून युरोपातल्या कुठल्याशा गावातली खालच्या डिव्हिजनची मॅच पाहत होतो. प्रेक्षक म्हणजे पोरांचे आईवडील, दोन-तीन बाकं भरतील एवढे. एका टीमच्या गोलकीपरवर गोलवर गोल होत होते, मला तर बघवेना, मी म्हटलं बंद कर नं आता झोपू. ती म्हणाली, थांब आई, त्याचं बघ. गोल झाला की तो पोरगा जाळीवर ठेवलेली पाण्याची बाटली घ्यायचा, हेल्मेटच्या जाळीतून एक घोट तोंडात मारायचा, मग स्टिकनं डाव्या खांबाला टक, उजव्या खांबाला टक, की परत वाकून तयार. दर वेळी हेच. मॅच संपली तेव्हा त्याच्या टीमची सगळी पोरं रांगेनं आली अन् एकेकानं त्याच्या हेल्मेटवर डोकं टेकवलं. या स्पर्धांत मॅचनंतर दोन्ही टीममधून एकेक बेस्ट प्लेयर निवडतात, हरलेल्या टीममधूनही, अन् त्या दिवशी ते बक्षीस त्या पोरालाच मिळालं, मग समोरच्या टीमचं राष्ट्रगीत लागलं अन् तो घामेजलेल्या केसांनी ताठ उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टवर माझ्या पोरीनं पीव्हीसीच्या पाइपला टक टक केलं. आता रोज करते.

हरण्याचं म्हणाल तर या खेळाचा एक स्कोअर मी कधीच विसरणार नाही. १९९८ मध्ये आशिया-ओशनियाच्या १८ वर्षांखालच्या स्पर्धेत साऊथ कोरियानं थायलंडला हरवलं, ९२-०. एकट्या एका कोरियन पोरानं ३१ गोल केले. कोणीही म्हटलं असतं बाबांनो आता घरी जा, तुमच्या देशात नाही बर्फ नाही थंडी. थायलंड घरी गेला नाही, आज तो वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतो. अन् ज्या कोरियानं ९२ गोल मारले तो कोरियाही तेव्हा काही वरच्या टीममध्ये नव्हता, एकेक पायरी चढत २०१८ ला त्यांची मोठ्यांची टीम टॉप डिव्हिजनमध्ये पोचली. स्लोव्हेनियाचं बघा, सगळा देश मिळून वीस-एकवीस लाख माणसं, २०११ च्या जनगणनेत एकट्या नागपूर शहराची २४ लाख होती. त्यांचा आंझे कोपितार ज्युनियर असताना डिव्हिजन वनमध्ये खेळला, वरच्या दहात त्यांची टीमच नव्हती, पुढं अमेरिकेतल्या लॉस एंजलिस किंग्ज या टीमकडून २०१२ अन् २०१४ असा दोनदा स्टॅनली कप जिंकला, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सगळ्यात मोठ्या आइस हॉकी लीगचा कप. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकला तोच स्लोव्हेनिया क्वार्टर फायनलला गेला.

अन् खालच्या गटाचं महत्त्व काय हे नागपूरकरांना दुसऱ्यानं का सांगावं? विदर्भानं रणजी ट्रॉफीत पहिली मॅच १९५७-५८ ला खेळली. त्यानंतर कित्येक वर्षं आपण प्लेट ग्रुपमध्ये होतो, माझे बाबा पेपर उघडून विदर्भाचा स्कोअर शोधायचे अन् तो सगळ्यात खाली बारीक अक्षरात असायचा, कधी कधी नसायचाच, मग ते पेपर घडी करून बाजूला ठेवायचे अन् काही बोलायचे नाहीत. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला ९ विकेटनी हरवून आपण रणजी जिंकली, त्यानंतर अजून दोनदा, शेवटचं २०२४-२५ ला. त्या प्लेट ग्रुपच्या मॅचेस कोणी टाकाऊ म्हणून खेळल्याच नसत्या तर इंदूरचा तो दिवस उगवला असता का? बाबा २०१८ पाहायला होते, एवढं एक समाधान आहे मला.

आता उन्हाचं. नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्री असते म्हणून इथं आइस हॉकी कशी होणार असंही त्या काकांनी लिहिलं होतं. साहेब, रिंकचा बर्फ आभाळातून पडत नाही. खाली सिमेंटचा स्लॅब, त्यात पाइपांचं जाळं, पाइपांतून शून्याच्या खाली थंड केलेलं मिठाचं पाणी किंवा ग्लायकोल फिरवतात अन् वर पाणी मारून थरावर थर असा साधारण तीन सेंटीमीटर बर्फ जमवतात. आपल्याकडच्या बर्फाच्या कारखान्यात थंडगार मिठाच्या पाण्यात डबे सोडून लाद्या जमवतात तेच तत्त्व, म्हणजे ज्या गोळ्याच्या गाडीचं ते बोलले तिची लादीही अशीच जमते. खर्च खूप आहे, विजेचं बिल भयंकर येतं, हे मी नाकारत नाही, डेहराडूनला २०११ मध्ये बांधलेला रिंक त्याच पायी वर्षानुवर्षं बंद पडून होता, आत्ता २०२५ मध्ये परत सुरू झाला. उद्या नागपुरात रिंक बांधा असं मी म्हणतच नाही. पण ऊन हे कारण नको सांगू कोणी माझ्या पोरीला.

आपला देश १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी फेडरेशनचा मेंबर आहे. आपल्या टीममध्ये बहुतेक लडाखची पोरंपोरी, लेहला तळी गोठतात तेवढे दोन-तीन महिने त्यांना बर्फ मिळतो, बाकी वर्षभर नाही. तरी आपल्या बायकांच्या टीमनं २०१७ ला बँकॉकमध्ये पहिली मॅच जिंकली अन् २०२५ ला आशिया कपमध्ये ब्राँझ आणलं, तेही कुठं तर अल ऐनला, यूएईच्या वाळवंटात. तिथं उन्हाळा काय असतो ते विचारा तिकडं नोकरीला असलेल्यांना. ती बातमी मी मुलीला दाखवली तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, गोली कोण होती?

तर माझी विनंती एवढीच आहे की त्या पत्रामुळं तुम्ही ही बातमी बंद करू नका. उलट या जानेवारीत खालच्या डिव्हिजनच्या स्पर्धा सुरू झाल्या की निकालासोबत त्या गटाची गुणतालिकाही द्या, सहा टीम म्हणजे सहाच ओळी होतात, फार जागा जाणार नाही. पोरीनं कपाटाच्या दारावर त्या कात्रणाखाली जागा सोडून ठेवली आहे.

आपली,
एका गोलकीपरची आई
त्रिमूर्तीनगर, नागपूर