शिरक्याचे विरजण मांडीवर घेऊन आलेल्या काकाजींना

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

आपल्यासमोर आभाराचा शब्द काढला की आपण विषय बदलता आणि रसाचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचे प्रमाण, किती भरला ते विचारता. म्हणून हे पत्र लिहून सर्वांसमोर ठेवते आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात चुरी, म्हणजे बारीक आकाराच्या, संत्र्याचे काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. व्यापारी बगीच्यात येतो, मोठे फळ तोडून नेतो आणि वर्षभर पाणी पाजून वाढवलेली चुरी बांधावर सडत राहते. त्या फळाचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, करावा म्हणून आमच्या बचत गटाने एका संस्थेचे प्रशिक्षण पैसे भरून घेतले. त्यांनी संत्री सालीसकट चिरून साखरपाण्यात टाकायला शिकवले, डबे टिनाच्या शेडमध्ये ठेवायला सांगितले, आणि सगळा माल कडू होऊन त्यावर बुरशी चढली तेव्हा आमचा फोन उचलणेच बंद केले. त्यानंतर एका दुकानदाराने सल्ला दिला, की अॅसिटिक अॅसिड आणा, पाण्यात मिसळा, थोडा रंग टाका, कोणाला कळते? अशा बाटलीवर 'कृत्रिम' असे छापणे कायद्याने बंधनकारक आहे, हे त्याने सांगितले नाही. या लोकांना विद्या येत नव्हती याचा मला राग नाही. गावातल्या बायकांना कारण सांगण्याची गरजच नाही असे त्यांनी गृहीत धरले, याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

आपण आलात आणि पहिल्याच दिवशी कारणांपासून सुरुवात केली. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिककडे वाइनचे जे कारखाने वाढले, त्यांपैकी एकात आपण उमेदीची वर्षे घालवलीत. तरी आपले पहिले वाक्य असे होते, की परवान्याशिवाय वाइन करणे हा गुन्हा आहे, आपल्याला शिरका करायचा आहे, मात्र त्याचा अर्धा रस्ता वाइनच्याच वाटेने जातो. यीस्ट रसातली साखर खाऊन तिचे अल्कोहोल करते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. त्या वायूला वाट ठेवली नाही तर काचेची बरणी फुटते, म्हणून झाकणातून नळी काढून तिचे टोक पाण्यात बुडवायचे. संत्र्याच्या सालीतले तेल यीस्टला मारक असते आणि बी व पांढरा गर यांमुळे रस कडवटतो, म्हणून फळ आधी नीट सोलायचे. वाइनच्या द्राक्षरसाला 20 च्या वर ब्रिक्स लागतो, शिरक्याला 12 ते 14 पुरतो. कारण ढोबळमानाने जेवढे टक्के अल्कोहोल, तेवढेच टक्के आम्ल पुढे मिळते. तापमान 35 अंशांच्या वर गेले की यीस्ट त्रासते, हे आपण सांगितलेत तेव्हा मार्चमध्ये तापलेल्या त्या टिनाच्या शेडमध्ये आमचे काय झाले असेल, ते एका क्षणात सगळ्या जणींना उमगले. आपणच बरण्या माजघरात हलवल्यात आणि त्यांना ओली पोती गुंडाळून दिलीत.

परंतु माझ्या मनात जे घर करून आहे, ते यांपैकी काहीच नाही.

रसाचे आंबणे थांबले आणि दुसरा टप्पा आला. आतापर्यंत ज्या हवेपासून आपण बरणी जपली, तीच हवा आता भरपूर हवी होती. यीस्ट हवेवाचूनही काम करते, शिरक्याचे जंतू मात्र पृष्ठभागावर पापुद्रा धरून हवेवरच जगतात. लुई पाश्चर यांनी 1860 च्या दशकात हे दाखवून दिले, असे आपण आम्हाला समजावले होते. दह्याला लागते तसे त्यालाही विरजण लागते, आणि ते आपल्या घरी तयार होते. आपण ते मोर्शीहून एसटीने घेऊन आलात. बरणीच्या तोंडावर फक्त मलमलचे फडके बांधलेले होते. गाडी भरलेली, बाहेर ऊन, आणि आपण ती उघडी बरणी मांडीवर दोन्ही हातांनी सरळ धरून बसला होता, कारण गाडीच्या धक्क्याने पापुद्रा बुडाला असता. फाट्यावर उतरल्यावर सदऱ्यावर आंबट डाग पडलेले दिसले. मी म्हटले, काकाजी, झाकण लावून आणायचे होते. त्यावर आपण म्हणालात, "झाकण लावलं असतं तर विरजणाचा जीव कोंडला असता ना, ताई."

पैसे घेऊन शिकवायला आलेल्यांपैकी कोणी आमच्या मालाची अशी काळजी घेतली नव्हती. सदऱ्याचा आणि लोकांच्या नजरांचा विचार न करता, बांधावर फेकल्या जाणाऱ्या फळाच्या रसासाठी आपण तो सगळा रस्ता अवघडून बसून आलात. आमच्या गटातल्या सर्वांत वयस्क मावशींनी ते पाहिले आणि त्या दिवसापासून त्या बरण्यांजवळ मोठ्याने बोलू देत नाहीत. चांगुलपणा असा दुसऱ्याच्या हातात उतरतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्याकडे हुशार माणसांची वानवा नाही. हुशारी असून समोरच्याला आपल्या बरोबरीचा समजणारी माणसे मात्र शोधावी लागतात, आणि सरकारी योजनांच्या यादीत ती सापडत नाहीत.

शिरका तयार झाला आहे. तालुक्याच्या कॉलेजातील प्रयोगशाळेत त्याची आम्लता तपासून घेतली. थेंबाथेंबाने अल्कली घालत गेल्यावर फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा गुलाबी रंग टिकला तेव्हा आकडा 4 टक्क्यांच्या वर निघाला, म्हणजे अन्नसुरक्षा नियमांतील 3.75 टक्क्यांची किमान अट पूर्ण झाली. वासात संत्रे ओळखू येते आणि कडूपणा नावालाही नाही. पहिल्या बाटल्या आपल्याकडे पाठवत आहोत. लोणच्यात वापरून पाहा आणि काही कमी वाटल्यास स्पष्ट सांगा.

एक तक्रार मात्र आहे. आपण मानधन घेतले नाही, ते आम्ही मान्य केले. परंतु आपला एसटीचा सगळा खर्च गटाच्या वहीत लिहून मंजूर केलेला आहे आणि त्यावर सर्वांच्या सह्या झाल्या आहेत. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीच्या हंगामाची, चुरी निघू लागली की शेजारच्या गावातील गटाला शिकायचे आहे. तेव्हा आपण याल, तेव्हा ती रक्कम आपल्याला घ्यावी लागेल.

आपली,
गटाच्या सर्व भगिनींच्या वतीने, सचिव