मरणाच्या कवितेला दार बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पंधरा दिवसांपूर्वी कवितांसाठी आवाहन आलं होतं. त्यात शेवटी एक ओळ होती. मृत्यू, नैराश्य अशा विषयांवरच्या कविता पाठवू नयेत, आशादायी कवितांचा विचार आधी केला जाईल. ही ओळ वाचून मला राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडच्या एका खेड्यात एकतीस वर्षं प्राथमिक मराठी शाळेत शिकवलं. आता निवृत्त आहे. आपल्या भागात सुगी आटोपली की गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, किती नावं घ्यावीत. सकाळी ग्रंथदिंडी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, दुपारी मांडवात पंगत आणि उन्हं कलली की कविसंमेलन. सीमाभागात मराठी टिकली त्यात या मांडवांचा वाटा मोठा आहे. पण यंदा अशाच एका मांडवात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला कविता अर्ध्यावर थांबवावी लागली. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं मनानं चांगली आहेत. दुसरं कडवं झालं आणि सूत्रसंचालक म्हणाले, "आजचा दिवस सणासारखा आहे, मरणाचं कशाला? काहीतरी उभारी देणारं वाचा." पोरानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खाली येऊन बसला.

मी मागच्या रांगेत होते. बाहेर आल्यावर त्याला विचारलं, कशावर होती रे कविता? म्हणाला, "बाई, बाबांच्यावर लिवलोय."

त्याचे वडील गेल्या जूनमध्ये गेले, मृगाच्या आधी दोन दिवस. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. हल्ली आमच्याकडे बरीच घरं रक्षा मलप्रभेत सोडत नाहीत. आपल्याच शेतात पसरतात, थोडी एखाद्या झाडाच्या बुंध्याशी घालतात. त्यांनीही तसंच केलं, आणि त्याच रात्री पाऊस आला. त्याच्या परवानगीनं चार ओळी देते :

बाबा, तुझी राख शेतात पसरली,
रातोरात पाऊस आला, बांध भरला.
आता भात कापताना
विळा हाताशी जरा हळू चालतो.

संपादकसाहेब, यात निराशा कुठे आहे? आणि असली तरी बिघडलं काय? बाप गेल्यावर पोरानं सहा महिन्यांत दुःख आवरून मांडवात उभारी द्यायची, ही अपेक्षा मला कळत नाही.

मी हे कोरड्या तत्त्वानं लिहीत नाही. माझे यजमान नऊ वर्षांपूर्वी गेले. पहिले आठ महिने सकाळी चूल पेटवायचं मन होत नसे. भेटायला येणारा प्रत्येक जण धीर देई, मुलांकडे बघा म्हणे, देवाचं करा म्हणे. त्यांचं चुकलं असं नाही, पण ते उठून गेले की घर आणखी मोठं वाटे. त्या दिवसांत मी इंदिरा संतांच्या कविता पुन्हा काढल्या. त्या आपल्या बेळगावच्याच म्हणायच्या, आयुष्याचा मोठा काळ त्यांनी इथे शिकवण्यात घालवला. १९४० साली नवराबायकोचा मिळून एक कवितासंग्रह निघाला आणि १९४६ साली नारायण संत गेले. बाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. पुढची कितीतरी वर्षं त्या लिहीत राहिल्या, आणि गेलेला माणूस त्यांच्या कवितेत पावसातून, संध्याकाळच्या उजेडातून, मातीच्या वासातून पुन्हा पुन्हा येत राहिला. त्या कवितांनी मला धीर दिला नाही. माझ्यासारखंच कुणी बेळगावच्या पावसात खिडकीशी बसून हे सोसलंय, एवढं मात्र समजलं. त्यानंतर मी एके दिवशी चूल पेटवली. दोन्हींचा संबंध होता की नाही हे मला सांगता येणार नाही, पण मला तो वाटतो.

तेव्हाच आमच्या शेजारच्या कन्नड शाळेतल्या एक शिक्षिका रोज संध्याकाळी येऊन बसत. एकदा त्यांनी बेंद्र्यांची एक कविता म्हणून दाखवली आणि मोडक्यातोडक्या मराठीत अर्थ सांगितला. लेकरू हातचं चाललंय आणि बायको नवऱ्याकडे बघतेय, ती नजर त्याला सोसवत नाही. द. रा. बेंद्रे धारवाडचे, मातृभाषा मराठी, कवी मात्र कन्नडचे, ज्ञानपीठ मिळालेले. स्वतःची अनेक मुलं त्यांनी डोळ्यांदेखत गमावली. त्या संध्याकाळी आम्ही दोघी रडलो, एक कन्नडची, एक मराठीची. इथल्या भाषेच्या भांडणावर मी बरंच ऐकलंय, पण त्या तासाभरात ते मला आठवलंही नाही.

मराठी कवितेतून मरण काढायचं ठरवलं तर उरणार काय? केशवसुत १९०५ साली हुबळीत प्लेगनं गेले, आपल्या इथून शंभर किलोमीटरवर, चाळिशीही गाठली नव्हती. बालकवी आम्ही पोरांना दर वर्षी शिकवायचो, श्रावण, ऊनपाऊस, हिरवळ. पोरं ताल धरून म्हणायची. पण त्याच हातानं उदासपणावरही लिहिलं आहे, आणि कारण न कळणारं ते दुःख सातवीच्या पोरालाही कळतं, हे मी वर्गात पाहिलं आहे. १९१८ साली रेल्वेखाली सापडून ते गेले तेव्हा अठ्ठावीसही पुरे नव्हते. त्यांचा श्रावण घ्यायचा आणि उदासी नाकारायची, असं अर्धं अर्धं कवी घेता येत नाही.

आमच्या भागात तर झाडाची कविता आणि मरणाची कविता वेगळी करताच येत नाही. कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या बाजूनं लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी १८३१ साली नंदगडला फाशी दिलं. त्याच्या समाधीवरचा वड बघायला आम्ही शाळेची सहल न्यायचो. पोरं आधी वडाला हात लावायची, मग नमस्कार करायची. शेजारचे लिंगायत आपली माणसं मातीत ठेवतात, काही जण स्वतःच्या शेतातच. आम्ही जाळतो आणि रक्षा शेतात नेतो. शेवटी दोघांचंही माणूस त्याच तांबड्या मातीत जातं आणि त्यावर पुढच्या वर्षी रोप लागतं. माझी आई लिहायला शिकली नव्हती. तिचा भाऊ तरुणपणी गेला. नाचणा दळताना ती एक ओवी म्हणायची :

सरलं दळण, जातं माझं थांबलं,
बंधवाच्या वाटंवरी गवत ग वाढलं.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मामा मेला हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, ते मला या ओवीतून कळलं.

आता एक गोष्ट मी टाळणार नाही. तरुण पोरं निराशेचं लिहितात तेव्हा आपल्याला भीती वाटते, आणि ती खोटी नाही. माझ्या या विद्यार्थ्याच्या शेवटच्या कडव्यात आपणही आता मातीत मिसळावं असं आहे. ते वाचून मी त्याला बाजूला घेतलं आणि स्पष्ट विचारलं, जीव नकोसा झालाय का रे तुला? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, जून-जुलैत तसं वाटायचं, कविता लिहायला लागल्यापासून कमी झालंय. त्या दिवसापासून दर रविवारी तो माझ्याकडे जेवायला येतो. कागदाची घडी खिशातच राहिली असती तर हे मला समजलंच नसतं. दारं बंद केल्यानं अशी पोरं उदास व्हायची थांबत नाहीत. आपल्याला फक्त पत्ता लागत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. आवाहनातली ती ओळ काढून टाकावी. आलेल्या कवितेत कुणाचा जीव खरंच अडकलेला दिसला, तर नुसतं 'साभार परत' न लिहिता त्याला दोन ओळींचं उत्तर द्यावं, जमलं तर फोन करावा. आणि अशी कविता छापाल तेव्हा खाली मन खचलेल्यांसाठी असलेल्या सरकारच्या टेलिमानस या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. तिथे मोफत बोलता येतं, मराठीतही आणि कन्नडमध्येही. खेड्यातल्या पोरांना हा क्रमांक माहीत नसतो. मलाही गेल्या वर्षीच कळला. संमेलनाच्या मंडळींनाही एवढंच सांगणं आहे की कविसंमेलनात कुणाला मध्येच थांबवू नका. तीन मिनिटं ऐकल्यानं सण बिघडत नाही.

त्या मुलाची पूर्ण कविता सोबत पाठवत आहे. त्यानं वहीच्या पानावर शाईनं लिहिली आहे. खिशात घडी राहिल्यामुळे दुसऱ्या ओळीतला एक शब्द पुसट झाला आहे, तो 'बांध' असा वाचावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. खानापूर, जि. बेळगाव