भिंत सात मजल्यांची

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

रंगवायची भिंत सात मजल्यांची आहे, हे महालक्ष्मी एक्स्प्रेस हलल्यावर खिडकीतून सांगायचं असतं होय? आईला मी तीन मजले सांगितलेत. फोनवर तेवढंच धरून चाल.

बेल्ट दिला का त्यांनी? त्याचा दोर गच्चीवर वेगळा बांधलेला हवा. ज्यावर उभं राहून रंगवायचं त्या टांगत्या झुल्यालाच अडकवला, तर झुल्याबरोबर तूही. एवढं सांगून मी गप्प बसणार आहे.

भिंतीवर पुरातली म्हैस, विषय मात्र नामी काढलास. वांद्र्याला टेलिफोनच्या इमारतीवर 2014 साली रणजित दहियांनी दादासाहेब फाळके रंगवले. हा गडी आधी हरियाणात चुना मारायचा. शाळेत चुना मारता मारता सरस्वती काढायला मिळाली, तिथून सुरुवात. मावशी परवा ‘भिंती रंगवून पोट भरतं का’ म्हणाली, तिला हेच ऐकवलं. आपले कोल्हापूरचे बाबूराव पेंटरही आधी नाटकाचे पडदेच रंगवत होते. 1920 चा ‘सैरंध्री’ सिनेमा नंतरचा.

आणि 2017 ला ससून डॉकच्या भिंतींवर कोळ्यांचे चेहरे लागले, ते मला जास्त पटतं. ज्याची जागा, त्याचा चेहरा. नटनट्या पुष्कळ झाल्या. म्हणून तिथल्या लोकांशी आधी बोल, चहा पी, म्हैस का काढतेस ते सांग. तू चार दिवसांत परत येशील, भिंत त्यांना रोज बघायची आहे. अंगावर पाणी उडालं तर हुज्जत घालू नको, वेळेवर जेव... लागलो बघ भाषण द्यायला. राग मानू नको.

मंगळवार पेठेत आम्ही निळीत बुडवलेली दोरी ताणून टिचकी मारायचो, की सरळ रेघ. बांबूच्या परांचीवर अनवाणी. बेल्ट कुणाला माहीत होता? बंडूकाकाचं तुला ठाऊकच आहे. दुपारनंतर वारा सुटला की खाली उतर, काम राहिलं तर राहू दे.

स्केच बघितलं. हात फिरलाय तुझा. दुकानातल्या पोरांना दाखवलं, दोनदा. पण म्हैस गुमान जिना चढतेय, तशी 2019 च्या पुरात चढली नव्हती. मागचे पाय पायरीवर रोवून अडली होती, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. काका वरून दावं ओढत होते आणि खालून तुझी आई शेपूट पिरगाळत होती. तिला काढलीस तर साडी हिरवी होती.

झुल्याचा फोटो पाठव. आईला दाखवत नाही.

तुझा,
पप्पा